गिळलेलं हसू

बाळ पहिल्यांदा हसलं, आणि समोर त्याची आई नव्हती, तुम्ही होता, तर काय करायचं? गिळायचं. चकार शब्द काढायचा नाही. आई आली की शहाण्यासारखं सांगायचं, "दूध प्यायली, ढेकर दिला, शी केली," आणि बाकीचं पोटात ठेवायचं. मग एक दिवस आईच धावत येते, "अगं हसली! माझ्याकडे बघून हसली!" तेव्हा दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणायचं, "काय सांगतेस!"

हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण युनिटमधल्या सगळ्या नर्सरी नर्स तो पाळत, आणि ग्लेंडा पिकर्सगिलइतका कडक तर कोणीच पाळत नसे. चहाच्या वेळी त्यांची आपसात थट्टा चाले. "आज काय गिळलंस?" "एक कूस बदलली. आणि एक दात." "दात? बाई गं, पचायला जड!"

यॉर्कशरमधल्या एका गावात, जुन्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला ही बैठी इमारत. बाळंतपणानंतर ज्यांचं मन ठिकाणावर राहिलं नाही अशा बायकांना इथे ठेवत, आणि बाळासकट ठेवत. गोळ्या-औषधांच्या नर्स वेगळ्या. ग्लेंडासारखीचं काम आई आणि बाळाच्या शेजारी बसायचं. शेजारी, मध्ये नाही. ऐकायला किती सोपं! बसून बघा एकदा. बाळ रडून रडून जांभळं झालंय, आईच्या हातातली बाटली थरथरतेय, निम्मं दूध गळ्यावरून कानात चाललंय, आणि तुम्ही, ज्यांच्या हातात ते पोर क्षणात गप्प होईल, नुसतं म्हणायचं, "छान चाललंय. बाटली जरा उंच धर." नव्या मुलींना ग्लेंडा सांगायची, "हात मांडीखाली दाबून बसा. मुंग्या आल्या तर येऊ देत. तुमच्या हातात बाळ लवकर गप्प झालं की आई मनात म्हणते, बघा, मी नसले तरी चालतंय. आणि इथल्या बायकांना तेवढंच निमित्त पुरतं."

इतकं सगळं कळत होतं तिला. म्हणून तर हळहळ वाटते.

लिआन आली ती क्रेगच्या, म्हणजे नवऱ्याच्या, चार हात लांबून चालत. मेबल, त्यांची तान्ही मुलगी, गाडीत ठेवायच्या बाळखुर्चीत होती आणि ती खुर्ची क्रेगच्या हातात. लिआनच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की बाळंतपणाच्या वॉर्डात आपली मुलगी बदलली, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा, सासू, डॉक्टर, अगदी दारावर पत्रं टाकणारा पोस्टमन, सगळे आपल्यापुढे नाटक करताहेत. पहिल्याच दिवशी तिने ग्लेंडाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुला या नाटकात कधी घेतलं?"

"मला? नाटकात?" ग्लेंडा म्हणाली. "अगं शाळेत मला झाडाचं काम दिलं होतं. नुसतं उभं राहायचं. तेही मी पडले आणि राजाला घेऊन पडले."

लिआन हसली नाही. पण तिने मान वळवून पाहिलं, आणि ग्लेंडाला तेवढं पुरे होतं. ती म्हणाली, "हे बघ राणी, इथे तुझ्याशी कोणी नाटक करणार नाही. मी तर नाहीच. मला जमतच नाही."

गोळ्या लागू पडल्या. झोप लागायला लागली. हळूहळू धुकं विरलं आणि खाली एक साधीसरळ, मिस्कील पोरगी निघाली. कुत्र्यांना न्हाऊ घालून त्यांचे केस कापायच्या दुकानात ती कामाला होती. "दात विचकलेले अल्सेशियन धरलेत मी, ग्लेंडा," ती म्हणायची. "आणि ही एवढीशी! हिला धरताना माझे हात बघ कसे लटपटतात."

"अल्सेशियनला धरायला पाठ असते. हिला अजून मानसुद्धा नाही. मानेखाली हात घाल. हां, तस्सं."

"आणि चावली तर?"

"कशाने चावेल गं, हिरड्यांनी?"

असे दिवस चालले होते. पोस्टमनची आठवण काढून लिआन स्वतःच लाजायची. "बिचारा! मी त्याच्या अंगावर ओरडले होते." सगळं गेलं, पण एक कुसळ आत राहिलं. मुलगी माझीच आहे, हे तिला पटलं होतं. पण तिला मी तिची वाटत नाही, हे डोक्यातून जाईना. "सगळ्यांकडे सारखंच बघते ही. भिंतीकडे बघते तशी माझ्याकडे बघते." आणि मग तिने स्वतःशीच ठरवून टाकलं, की मेबल हसेल तेव्हा कळेल. माझ्याकडे बघून हसली तर ती माझी.

कोणी सांगितलं होतं असलं काही ठरवायला? पण ठरवलं. रोज दूध पाजून झालं की मेबलला गुडघ्यांवर उताणी निजवून ती टक लावून बसायची. परीक्षेच्या निकालाला बसतात तशी. आता आजाराने आणि गोळ्यांनी चेहरा जड होतो, हे ग्लेंडाने शंभर बायकांत पाहिलेलं. लिआनचं हसू ओठांपर्यंत यायचं, डोळे मागेच राहायचे. आणि पोरं लबाड असतात, हलणाऱ्या चेहऱ्याला हसतात, टक लावणाऱ्याला नाही. ग्लेंडा म्हणायची, "गा काहीतरी. तोंडं वेडीवाकडी कर. दुकानात कुत्र्यांशी बोलायचीस ना, तसं बोल."

एकदा ती धुतलेले कपडे ठेवायला गेली तर लिआन बाथरूमच्या आरशापुढे उभी होती. हसून बघत होती. पुसून टाकायची, पुन्हा हसायची.  ग्लेंडा पाऊल न वाजवता मागे फिरली.

त्यात सासूबाई. सँड्रा वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तीन मुलगे एकटीने वाढवलेली, आलं-गुळाचा केक घेऊन यायची आणि सगळ्या स्टाफला वाटायची. पण तिला ही जागा काही केल्या पटत नव्हती. "खिडक्या बघा, चार बोटं उघडतात. चमचे प्लास्टिकचे. इथे का मूल वाढवायचं? मी नेते मेबलला. लिआनने नीट बरं व्हावं, मग न्यावं. मी काय खाऊन टाकणार आहे नातीला?" क्रेग छपरांवर कौलं बसवणारा, उंचावर न डगमगणारा गडी, पण आई आणि बायकोच्या मध्ये आला की त्याचे पाय लटपटायचे. "गुरुवारी मीटिंग आहे ना, तिथे ठरेल," एवढंच तो म्हणे.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये खरंच ठरणार होतं. मायलेकींना मिळून घरी पाठवायची तयारी करायची, की मेबलला सँड्राकडे देऊन लिआनला एकटीला ठेवायचं. मोठ्या डॉक्टरीणबाई लिआनलाच विचारणार होत्या, तुला काय वाटतं.

आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मेबल हसली. सकाळी, आंघोळीनंतर, लिआन डॉक्टरांकडे गेली असताना. ग्लेंडा तिला टॉवेलात गुंडाळून नाक पुसत होती आणि आपल्या सवयीने बडबडत होती. "कोण गं हा उंदीर? भिजलेला उंदीर?" तर मेबलने डोळे मोठे केले, ओठाची डावी कड आधी वर गेली, मग उजवी, आणि डाव्या गालावर एक खळी पडली. तोंड भरून हसली पोरगी. ग्लेंडाने इकडेतिकडे पाहिलं, चोरी केल्यासारखं. आणि गिळलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तर ग्लेंडा दारात दिसताच. मेबलला आता ते खेळणंच सापडलं होतं. वॉर्डची मुख्य सिस्टर फोलाके, नायजेरियाची, उंचपुरी, तिला पाळण्यावरून नुसती जाताना एक हसू मिळालं. मग काय विचारता! सगळा स्टाफ मेबलपाशी सुतकी तोंडं करून वावरायला लागला. जेवणाचे ट्रे आणणारी बाईसुद्धा पाळण्याजवळ आली की भुवया आवळायची. "हिच्यामुळे माझ्या कपाळाला आठ्या पडल्या," फोलाके म्हणाली. सगळ्या हसल्या, पण हळू. कारण सगळ्यांना दिसत होतं की लिआनच्या वाट्याला अजून काही आलं नाही.

तो मंगळवार. बाहेर सकाळपासून झिमझिम. लिआनने बाटली छान पाजली, मानेखाली हात, बाटली उंच, सगळं बरोब्बर. मग मेबलला गुडघ्यांवर घेतलं आणि नेहमीसारखी बघत बसली. ग्लेंडा शेजारच्या खुर्चीत. लिआन म्हणाली, "गुरुवारी मीच सांगणार आहे."

"काय?"

"घेऊन जा म्हणावं सँड्राला. हिचं माझ्यावाचून काही अडत नाही, ग्लेंडा. सँड्राकडे केक असतो, कुत्रा असतो, बाग आहे. माझ्याकडे काय? हे थोबाड."

"असं नको गं बोलूस."

"मी रडत नाहीये. खरं सांगतेय. इतके दिवस वाट बघितली की नाही?" आणि मेबलच्या ओठांवर दूध आलं म्हणून ती फडका घ्यायला मागे वळली.

ग्लेंडाचे हात मांडीखाली होते. हातांना ती सांभाळायला शिकली होती, जिभेला नाही.

"अगं, हसली!" ती ओरडली. "आत्ता! तुझ्याकडे बघून! तू वळलीस गं, नेमकी वळलीस!"

लिआन गर्रकन फिरली. "खरंच?"

"अगदी तुझ्याकडे बघत होती. तोंडभर."

"खरंच, ग्लेंडा?"

"आता काय शपथ घालतेस?"

आणि मग जे झालं ते ग्लेंडा मरेपर्यंत विसरणार नाही. लिआनचा चेहरा उघडला. ओठ, गाल, डोळे, सगळं एकदम. आरशापुढे जे जमलं नव्हतं ते. इतकी देखणी दिसली ती पोरगी! बाळाने पाहावं असा चेहरा झाला होता तिचा. आणि मेबल? मेबल त्या वेळी मान वळवून खिडकीच्या पडद्याकडे बघत होती. लिआनने तिला उचलून छातीशी धरलं, क्रेगला फोन लावला, रडत रडत सांगितलं. पुढच्या दोन दिवसांत ती दुकानातल्यासारखी बडबडायला लागली. चेहरा सैल पडला होता. आणखी चार दिवस, फार तर आठ, आणि पोरगी आपणहून तिच्याकडे बघून हसली असती. थोडी कळ काढायची होती फक्त. पण तेव्हा ग्लेंडाला वाटत होतं, काय छान काम केलं आपण! घरी जाताना तिने स्वतःसाठी तळलेला मासा आणि बटाट्याचे काप घेतले, व्हिनेगर शिंपडून.

गुरुवारी लिआन मीटिंगमध्ये म्हणाली, "ती माझ्याकडे बघून हसली. मला तिला घरी न्यायचंय." सँड्रानेही डोळे पुसले. ठरलं, की शनिवार-रविवार मायलेकींनी घरी राहून बघायचं, मग पुढचं.

मीटिंग सुटल्यावर फोलाकेने ग्लेंडाला दूधखोलीत गाठलं. बाटल्या उकळत होत्या. "तू पाहिलंस?"

"काय?"

"मंगळवारचं हसू."

"म्हणजे काय! मीच तर सांगितलं."

"मग तुझी मान का लाल झालीय?"

ग्लेंडा बाटल्यांची झाकणं लावत राहिली. फोलाके दार लोटून घेऊन आत आली. "ग्लेंडा, गिळणं वेगळं आणि नसलेलं ताटात वाढणं वेगळं. दुसऱ्या कोणाशी केलं असतंस तर मी डोळेझाक केली असती. पण हिचा आजार काय होता? आपण सगळे हिच्याशी खोटं वागतो, हाच ना?"

"तिला बरं वाटावं म्हणून—"

"ते मला सांगू नकोस, मला कळतं. शनिवारच्या आत तिला सांग. तू सांग, नाहीतर मी सांगेन."

"घरी तर जाऊ दे तिला! केवढी खूश आहे. सोमवारी सांगते. देवाशप्पथ सोमवारी."

फोलाकेलाही त्या आनंदाला हात लावायचा धीर झाला नाही. दोघींनी सोमवारवर ढकललं. शुक्रवारी ग्लेंडा लिआनची बॅग भरताना तिथेच होती, खोलीत दोघीच होत्या, बोलायला हवा तेवढा वेळ होता. तिने लंगोटांची पिशवी भरून दिली.

रविवारी संध्याकाळी क्रेगची व्हॅन आली. लिआन मेबलला घेऊन उतरली आणि कोणाशी न बोलता खोलीत गेली. क्रेग बाहेर उभा राहून टोपी चुरगाळत होता. "मला कळतच नाही काय झालं," तो ग्लेंडाला म्हणाला. "सगळं मस्त चाललं होतं. दुपारी आई आली. मेबल आईकडे बघून हसली. आई म्हणाली, अगं बाई, पहिलं हसू! तर लिआन म्हणाली, पहिलं नाही, पहिलं माझं होतं, मंगळवारी. आईने सहज विचारलं, तेव्हाही अशीच खळी पडली होती का गं? आणि लिआनला सांगता येईना. ती म्हणाली, मी पाहिलं नाही, ग्लेंडाने पाहिलं. मी गाढव, मी हसलो. म्हटलं, म्हणजे तुझं हसू ऐकीवच की! तेव्हापासून गप्प आहे."

ग्लेंडा आत गेली. लिआन पलंगावर बसली होती, अंगातला कोट तसाच. मेबल पाळण्यात जागी होती. ग्लेंडा पाळण्याच्या उशाकडे, मेबलला दिसणार नाही अशी उभी राहिली.

"मंगळवारी कशी हसली होती ती?" लिआनने विचारलं. "सांग ना. मला ऐकायचंय."

इथे तरी ग्लेंडाने तोंड उघडून खरं सांगायचं. पण माणूस घाबरलं की काय काय करतं! ती म्हणाली, "कशी म्हणजे... डोळे आधी मोठे केले. मग ओठाची डावी कड वर गेली, मग उजवी. आणि डाव्या गालावर खळी पडली, छोटीशी."

लिआन तिच्याकडे बघत राहिली. "मी फडका घ्यायला वळले तेवढ्यात तुला एवढं दिसलं?"

ग्लेंडा पाळण्याचा कठडा पुसायला लागली.

"हे एकदा पाहिलेल्या बाईचं बोलणं नाही, ग्लेंडा. तू ते पुष्कळदा पाहिलंयस."

आता काही उरलंच नव्हतं. ग्लेंडा खुर्चीत बसली. "हो," ती म्हणाली. "आदल्या आठवड्यात. आंघोळीनंतर. माझ्याकडे बघून."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी ती नाही हसली गं. मी खोटं बोलले. तू तिला देऊन टाकायला निघाली होतीस, मला बघवलं नाही. चुकले मी, लिआन. फार चुकले."

लिआन रडली नाही, ओरडली नाही. विचारपूस केल्यासारखी विचारत गेली. "फोलाकेला माहीत होतं, ती हसते ते?" "हो." "ट्रे आणतात त्या बाईंना?" "हो." "सगळ्यांना?" ग्लेंडाने गिळायचा तो सगळा नियम सांगितला, कशासाठी असतो, आयांचं मन राखायला, प्रत्येकीसाठी पाळतात, तिच्याविरुद्ध म्हणून नाही. बोलता बोलताच तिला कळत होतं की एकेक शब्द आपल्याच गळ्याला फास लावतोय.

"म्हणजे माझ्यासमोर तोंडं पाडायची," लिआन म्हणाली, "आणि माझ्यामागे तिच्याशी हसायचं. सगळ्यांनी मिळून. आणि मी म्हणत होते तेव्हा तुम्ही मला गोळ्या दिल्या."

त्या रविवारपासून तिने गोळ्या घेणं सोडलं. नर्स म्हणाली, "या तुझ्याच भल्यासाठी आहेत," तर ती शांतपणे म्हणाली, "असं तुम्ही म्हणता." मोठ्या डॉक्टरीणबाई दोनदा येऊन बसल्या, फोलाकेने हात जोडले, क्रेग तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडला. पण ज्या माणसांचं एक खोटं निघालं त्यांचं बाकीचं खरं कशावरून मानायचं?  धुकं पुन्हा खाली उतरायला लागलं. तिने मेबलला खोलीत ठेवू दिलं नाही. आणि मग तिनेच सांगितलं, मेबलला सँड्राकडे द्या, आणि मला दुसरीकडे कुठेही न्या, या लोकांत नको. शहरातल्या मोठ्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात जागा मिळाली. तिथे बाळाला ठेवत नाहीत.

ग्लेंडाने आपण होऊन फोलाकेपुढे सगळं कबूल केलं, वर कळवलं. चौकशी झाली, समज मिळाली, नोकरी टिकली. तिला वाटत होतं, काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

जायच्या दिवशी सकाळी ग्लेंडा दूधखोलीतच थांबणार होती, समोर जायचंच नाही असं ठरवून. पण फोलाके आली. "ती तुला बोलावतेय."

दारापाशी सगळे उभे होते. सँड्राच्या हातात मेबलची खुर्ची, पट्टे अजून लावायचे होते. आज तिच्याकडे केक नव्हता. तिचे डोळे सुजले होते. नात मिळाल्याचा आनंद तिला झाला नव्हता, हेही सांगायलाच हवं. क्रेग बॅगा घेऊन व्हॅनकडे गेलेला. लिआन कोट घालून भिंतीला टेकून उभी होती, केस नीट विंचरलेले.

"ग्लेंडा," ती म्हणाली, "मला एकदा बघायचंय."

"काय गं राणी?"

"ती हसते ते. सँड्राकडे बघून हसली तेव्हा मी मागच्या बाजूला होते. मी अजून नीट पाहिलंच नाही. तुझ्याकडे बघून लगेच हसते ना? दाखव मला."

सँड्रा पटकन म्हणाली, "अगं, आता कशाला ते..." फोलाकेने तिच्या दंडाला हात लावला.

ग्लेंडाने मेबलला घेतलं. पोरगी टकमक बघायला लागली, नेहमीच्या खेळाची वाट बघत. ग्लेंडाने चेहरा घट्ट आवळून धरला. नको हसूस गं बाई, ती मनात म्हणत होती, माझ्याकडे बघून नको, आज तरी नको. मेबलच्या कपाळावर एवढीशी आठी पडली. खालचा ओठ पुढे आला.

"असं नको करूस," लिआन म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पुन्हा नाटक नको. नेहमीसारखं कर."

आणि ग्लेंडाने केलं. "कोण गं हा उंदीर?" आवाज फाटला, तरी केलं. मेबलचे डोळे मोठे झाले. डावी कड, मग उजवी, मग खळी. सगळं अंग हलवून हसली.

लिआन जवळ आली. बाजूला उभी राहून, वाकून, त्या गालाकडे बघत राहिली. बघता बघता तिचाही चेहरा जरासा हलला. ग्लेंडाने ते पाहिलं आणि झटकन मेबलला तिच्याकडे वळवलं. पण पोरगी मान फिरवून ग्लेंडालाच शोधायला लागली. तेवढ्यात लिआनचा चेहरा मिटला होता.

"गोड हसते," ती म्हणाली.

"लिआन, मला माफ कर गं."

"मला घाई नव्हती, ग्लेंडा," लिआन म्हणाली. "मी थांबले असते. ती सहा महिन्यांची होईपर्यंत थांबले असते."

तिने मेबलच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढला, त्याचा बंद नीट केला, आणि सँड्राकडे बघून म्हणाली, "घ्या." ग्लेंडाने मेबलला सँड्राच्या हातात दिलं. सँड्राने तिला खुर्चीत ठेवलं, पट्टे लावले. फोलाकेने दाराला किल्ली लावली आणि दार उघडून धरलं. लिआन आधी बाहेर पडली, एकटी, आणि व्हॅनमध्ये जाऊन पुढच्या सीटवर बसली.

ग्लेंडा तिथेच उभी राहिली. मेबल खुर्चीतून तिच्याकडे बघून अजून हसत होती, आणि सँड्रा तिला घेऊन दुसऱ्या गाडीकडे चालली होती.